फ्रेंच आडनावाचा उगम आणि आजचं प्रमाण कसं शोधायचं: 'लफेव्र' हाती घेऊन

फ्रेंच शिकणारे विद्यार्थी, भाषांतर करणारी मंडळी, क्वचित फ्रान्समध्ये स्थायिक झालेल्या कुणाचे सासरचे लोक आडनावांवरच्या टिपा मला तपासायला पाठवतात. टीप बहुतेक वेळा दोन वाक्यांची असते. पहिलं, 'या आडनावाचा अर्थ अमुक.' दुसरं, 'फ्रान्समध्ये या आडनावाचे इतके लोक राहतात.' पहिलं वाक्य आजच्या शब्दकोशातून उचललेलं असतं, दुसरं समोर आलेल्या पहिल्या संकेतस्थळावरून. दोन्ही बहुधा चुकतात, कारण कामाचा क्रमच उलटा झालेला असतो. आधी स्पेलिंग, मग जुना शब्द, मग प्रदेश, मग दप्तरातल्या नोंदी आणि सगळ्यात शेवटी आकडा, असा क्रम ठेवला तर एका आडनावाचं काम दोन-तीन संध्याकाळींत नीट होतं.

उदाहरणाला 'लफेव्र' घेतलं आहे. अर्थ लोहार. व्यवसायावरून पडलेल्या आडनावांत जितक्या अडचणी येऊ शकतात, तितक्या बहुतेक सगळ्या या एका नावात भेटतात.

तयारी: वहीचे चार रकाने

वही किंवा स्प्रेडशीट उघडा आणि चार रकाने पाडा: जसंच्या तसं स्पेलिंग, ठिकाण, साल, नोंदीचा प्रकार. चौथा रकाना लोक सोडून देतात आणि मग पंधरा दिवसांनी 'हे रूप मला कुठे दिसलं होतं?' असा शोध सुरू होतो. बाप्तिस्म्याची नोंद, विवाहाची नोंद, करपट्टी, थडग्यावरचा लेख, आजची जन्मसंख्या या सगळ्यांचं वजन सारखं नसतं.

वहीच्या वरच्या ओळीत प्रश्न दोन भागांत लिहा. एक: हा शब्द कुठून आला? दोन: आज तो किती आढळतो? दोन्हींचे पुरावे वेगळे असतात. एकाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवायचं नाही.

टप्पा १: नाव रोमन अक्षरांत, एकेक अक्षर मोजून उतरवा

मराठीत 'लफेव्र' लिहून मोकळं झालं की निम्मी माहिती तिथेच गळून जाते. याच उच्चाराची दोन मोठी रूपं आहेत. एकाचं स्पेलिंग एल-ई-एफ-ई-बी-व्ही-आर-ई. दुसऱ्यात बी नाही आणि दुसऱ्या ई वर उतरतं ॲक्सेंट चिन्ह आहे. पुढे मी त्यांना 'ब-वालं' आणि 'बिनब' म्हणतो.

ब-वाल्या रूपातला बी उच्चारत नाहीत. 'लेफेब्व्हर' असं मराठी वर्तमानपत्रांत छापून येतं ते चुकीचं. मध्ययुगातल्या फ्रेंच शब्दात हा बी मुळात नव्हताच. लॅटिन जाणणाऱ्या लेखनिकांना मूळचा लॅटिन शब्द 'फाबेर' आठवत होता, म्हणून त्यांनी तो कागदावर घातला. लोकांच्या तोंडी तो कधी आला नाही.

जुन्या हस्तलिखितांत यू आणि व्ही ही दोन अक्षरं वेगळी ठेवलेली नसत, एकाच आकाराने दोन्ही चालत. त्यामुळे ब-वाल्या रूपातला व्ही कुणीतरी यू म्हणून वाचला आणि 'लफेब्यूर' हे तिसरंच आडनाव जन्माला आलं. आजही ते आहे, आणि त्यातला ब मात्र उच्चारतात.

*इथे थांबून पाहा:* वहीत किमान चार रूपं आली का? ब-वालं, बिनब ॲक्सेंटसह, बिनब ॲक्सेंटशिवाय, आणि यू असलेलं. जुन्या कागदांसाठी पाचवं रूपही धरा: 'ल' सुटा आणि 'फेव्र' सुटं.

टप्पा २: अर्थ आजच्या शब्दकोशात शोधू नका

आजच्या फ्रेंचमध्ये लोहाराला 'फोर्जरों' म्हणतात. 'फेव्र' हा शब्द बोलण्यातून केव्हाच गेला. आजच्या कोशात तो शोधायला गेलात तर शेजारी 'फेव' सापडेल, म्हणजे शेंगेतला मोठा वालासारखा दाणा, आणि 'शेतकऱ्याचं आडनाव असावं' असा तर्क सुरू होईल. हे मी तीनदा तरी वाचलं आहे.

जुना 'फेव्र' आजच्या भाषेत एका शब्दात जिवंत आहे: 'ऑर्फेव्र', म्हणजे सोनार. 'ऑर' म्हणजे सोनं आणि 'फेव्र' म्हणजे घडवणारा. हा शब्द विद्यार्थ्यांना एकदा दाखवला की आडनावाचा अर्थ ते पुन्हा विसरत नाहीत.

म्हणून क्रम असा ठेवा: आडनाव, मग जुनं फ्रेंच रूप, मग लॅटिन. जुन्या फ्रेंचचे कोश आणि व्युत्पत्तीसह मोठा फ्रेंच कोश आता इंटरनेटवर मोफत पाहता येतात. कोशात सापडलेला अर्थ लगेच पक्का मानू नका, त्याला दुसरा पुरावा जोडा. सगळ्यात चांगला पुरावा म्हणजे त्या काळच्या माणसाने स्वतःच्या नावाचं केलेलं लॅटिन भाषांतर. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचे विद्वान झाक लफेव्र देताप्ल लॅटिनमध्ये स्वतःला 'याकोबुस फाबेर' लिहीत. 'लफेव्र' म्हणजे फाबेर, म्हणजे लोहार, हे त्या काळात उघड होतं याचा हा थेट दाखला आहे.

*सावध:* व्यवसायासारखं दिसणारं प्रत्येक आडनाव व्यवसायाचं नसतं आणि न दिसणारं कधीकधी असतं.

'लस्यूर'मध्ये आजच्या वाचकाला घाम दिसतो. पण जुन्या भाषेत तो जोडे शिवणारा, लॅटिन 'सूतोर'पासून आलेला. 'लर्वा' म्हणजे राजा, पण त्या घराण्यात कुणी राजा नव्हता, ते टोपणनाव. 'फेराँ'मध्ये लोखंड आहे खरं, पण ते केसांच्या लोखंडी करड्या रंगावरून पडलेलं नाव, लोहारकीवरून नव्हे. आणि 'मारेशाल' वाचून सेनापती आठवत असेल तर थांबा: गावच्या नोंदीत मारेशाल म्हणजे घोड्यांना नाल ठोकणारा.

टप्पा ३: प्रदेशाप्रमाणे भावंडं लावा

लॅटिन 'फाबेर' फ्रान्सभर एकच होता, पण प्रत्येक बोलीने तो आपल्या जिभेप्रमाणे वळवला. हा टप्पा वगळला तर पुढचा आकडा निरर्थक होतो, म्हणून इथे वेळ द्या.

उत्तरेत, विशेषतः बेल्जियमला लागून असलेल्या नॉर आणि पिकार्दीच्या पट्ट्यात, ब-वालं लफेव्र दाट आहे. बिनब रूप पिकार्दी, नॉर्मंडी आणि पॅरिसच्या बाजूला. पश्चिमेला, ब्रिटनीच्या फ्रेंच बोलणाऱ्या भागात आणि लुआर नदीच्या मुखाकडे, 'ई'च्या जागी 'ई-यू' येऊन 'लफव्र' झालं. पूर्वेला फ्रान्श-कोंतेत 'ए-आय' असलेलं 'फेव्र' आहे, त्याच्या सुरुवातीला 'ल' नाही. बर्गंडीतही 'ल' नसलेलं फेव्र भेटतं. दक्षिणेला ओक्सितान बोलींच्या मुलखात 'फाब्र' आणि 'फोर', तर साव्हॉय आणि लगतच्या स्वित्झर्लंडमध्ये 'फाव्र'.

कीटकांचे अभ्यासक झाँ-आंरी फाब्र १८२३ साली दक्षिण फ्रान्सच्या आव्हेरोंमधल्या सें-लेओं गावी जन्मले. त्यांचं आडनाव आणि त्यांचा मुलूख एकमेकांना बरोबर जुळतात.

साव्हॉयच्या फाव्रचा एक धागा गोव्यापर्यंत येतो. सेंट फ्रान्सिस झेवियर पॅरिसमध्ये शिकत असताना त्यांच्या खोलीत राहणारा सोबती होता पिएर फाव्र, १५०६ साली साव्हॉयमधल्या व्हिलारे गावी जन्मलेला. पुढे दोघेही येशूसंघाच्या पहिल्या सोबत्यांत होते. झेवियर १५४२ मध्ये गोव्याला पोचले, फाव्र युरोपातच राहिले. इंग्रजी पुस्तकांत हे 'पीटर फेबर' होतात, काही फ्रेंच पुस्तकांत 'लफेव्र', लॅटिनमध्ये 'फाबेर'. गोव्याकडच्या वाचकांना ही तीन माणसं वाटतात. माणूस एकच. फेबर वाचून ते जर्मन होते असं लिहिणारेही आहेत, त्यांनी जन्मगाव पाहिलेलं नसतं.

फ्रेंच नसलेल्या भाषांचे प्रदेश विसरू नका. ब्रिटनीत ब्रेतों भाषेतून 'ल गॉफ' आलं आणि आल्झासमध्ये जर्मन बोलीतून 'श्मिट'. अर्थ लोहारच, पण मूळ फाबेर नाही. यांना भावंडं म्हणू नका, शेजारी म्हणा.

*चाचणी:* हाच नियम दुसऱ्या आडनावावर लावून पाहा. सुताराचं 'शार्पांतिए' पिकार्दीत 'कार्पांतिए' होतं, कारण तिथल्या बोलीने 'आ'च्या आधीचा जुना 'क' टिकवला. हे तुम्हाला नकाशा न बघता सांगता आलं, तर टप्पा ३ जमला.

*सावध:* एका प्रसिद्ध माणसाच्या जन्मगावावरून प्रदेश ठरवू नका. नेपोलियनचे सेनानी फ्रांस्वा झोझेफ लफेव्र ब-वाले, पण जन्मले आल्झासमधल्या रुफाकला. इतिहासकार झाक ल गॉफ जन्मले भूमध्य किनाऱ्यावरच्या तुलाँला. माणसं हलतात. पुरावा म्हणून शेकडो नोंदींची दाटी लागते.

टप्पा ४: धंदा की आडनाव? जुन्या नोंदी वाचताना

चौदाव्या शतकाच्या करपट्टीत 'झां ल फेव्र' दिसलं म्हणजे आडनाव सापडलं असं नाही. तो झां खरोखर लोहार असू शकतो. कसोटी सोपी आहे. त्याच नोंदीत त्याचा धंदा दुसरा दिला असेल, किंवा विणकर असलेल्या मुलालाही तेच नाव लागलं असेल, तर ते आडनाव झालं आहे. दोन पिढ्या दिसेपर्यंत वहीत 'अनिश्चित' लिहा.

मागे जाण्याचा रस्ता असा. १७९२ सालापासून जन्म, विवाह, मृत्यू यांची नोंद नगरपालिकेकडे आली. त्याआधीच्या नोंदी चर्चच्या. बाप्तिस्म्याच्या नोंदी ठेवण्याचा राजाचा हुकूम १५३९ चा, पण त्या काळच्या वह्या मोजक्याच ठिकाणी उरल्या आहेत. १६६७ च्या हुकमाने नोंदींच्या दोन प्रती ठेवणं आणि सह्या घेणं बंधनकारक झालं, म्हणून त्यानंतरच्या वह्या जास्त हाती लागतात. 'देपार्तमाँ' म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग. बहुतेक देपार्तमाँच्या अभिलेखागारांनी या वह्यांची छायाचित्रं इंटरनेटवर ठेवली आहेत.

थेट पानं चाळायला बसू नका. आधी दर दहा वर्षांची वर्णानुक्रमे सूची उघडा, मग मूळ नोंद. सूचीत एल खाली, एफ खाली, आणि 'ल' सुटा धरून, असं तीनदा पाहा.

आता हस्ताक्षर. जुन्या वळणात शब्दाच्या मधला एस उंच काढत, तो एफसारखाच दिसतो, फक्त मधली आडवी रेघ नसते किंवा अर्धीच असते. शाई फिकी पडली की रेघ पहिल्यांदा जाते. त्यामुळे आधुनिक सूची तयार करणाऱ्यांनी एफचा एस वाचलेला अनेकदा दिसतो आणि आपलं आडनाव एस खाली जाऊन बसतं. संशय आला तर त्याच पानावर एफ नक्की असलेला शब्द शोधा. 'फिस' म्हणजे मुलगा आणि 'फाम' म्हणजे बायको हे शब्द जवळपास प्रत्येक नोंदीत असतात. त्यांतला एफ आणि आडनावातला एफ शेजारी ठेवून बघा.

नोंदीच्या तळाशी सही असेल तर तीही उतरवा. पाद्रीने नोंदीत बिनब लिहिलेलं आणि माणसाने खाली ब लावून सही केलेली, असं एकाच कागदावर आढळतं. अशा वेळी दोन्ही रूपं लिहा, 'चूक' म्हणून एक खोडू नका. स्पेलिंग घट्ट होण्याचा काळ उशिराचा आहे. २३ ऑगस्ट १७९४ च्या कायद्याने जन्मनोंदीतलं नाव सोडून दुसरं वापरायला मनाई झाली, तेव्हापासून रूपं हळूहळू थिजत गेली.

*सावध, तीन खड्डे:*
- १७९३ च्या अखेरीपासून १८०५ पर्यंतच्या नोंदींत क्रांतीचं कॅलेंडर असतं. तारीख बदलून घेतल्याशिवाय रकान्यात भरू नका.
- पॅरिसच्या १८६० आधीच्या नोंदी मे १८७१ मधल्या आगीत जळाल्या. नंतर त्यांचा काही भागच पुन्हा उभा करता आला. तिथे नाव मिळालं नाही याचा अर्थ ते कुटुंब तिथे नव्हतं असा नाही.
- साव्हॉय फ्रान्समध्ये कायमचं आलं ते १८६० मध्ये. फाव्र शोधत असाल तर त्याआधीच्या नोंदींची पद्धत वेगळी असेल हे धरून चला.

आपल्या वाचकांची एक खास चूक इथेच सांगतो, कारण ती सगळ्यात खोलवर बसलेली आहे. लोहार, सुतार ही आडनावं आपल्याकडे समाजाशी बांधलेली. त्यामुळे 'लफेव्र म्हणजे लोहारांची जात' आणि 'सगळे लफेव्र एकाच घराण्यातले' ही दोन गृहीतकं न कळत शिरतात. फ्रान्समध्ये प्रत्येक मोठ्या गावात लोहार होता आणि प्रत्येकाच्या वंशजांना हे नाव स्वतंत्रपणे लागू शकलं. शेजारच्या दोन गावांतल्या दोन लफेव्रांचं नातं नोंदीशिवाय मानू नका. धंदाही फक्त नाव पहिल्यांदा पडलं त्या माणसाचा. त्याचा नातू पाद्री, खाटीक, नावाडी कुणीही असेल.

टप्पा ५: आजचा आकडा

आता कुठे संख्येकडे यायचं. फ्रान्सची राष्ट्रीय सांख्यिकी संस्था इन्से आडनावांची यादी प्रसिद्ध करते: १८९१ ते २००० या काळात फ्रान्समध्ये जन्मलेल्यांची, आडनाव, दशक आणि देपार्तमाँ यांप्रमाणे. आडनावांची बहुतेक संकेतस्थळं याच यादीच्या जुन्या-नव्या आवृत्त्यांवर चालतात. म्हणून मूळ यादीच घ्या.

ती उघडण्याआधी ती काय *नाही* हे समजून घ्या.

ती जन्मांची यादी आहे, हयात माणसांची नाही. 'आज इतके लफेव्र राहतात' हे वाक्य तिच्यावरून लिहिता येत नाही. सुरुवातीची दशकं अपुरी आहेत, कारण ओळख-नोंदणीची ही व्यवस्था १९४० च्या दशकात उभी राहिली आणि त्याआधी वारलेले तिच्यात आलेच नाहीत. फ्रान्सबाहेर जन्मलेले तिच्यात नाहीत. फार विरळ आडनावं 'इतर' या एका ओळीत गोळा केलेली असतात, तेव्हा नाव सापडलं नाही म्हणजे ते नामशेष झालं असं लिहू नका.

आणि अक्षरं सगळी मोठी, ॲक्सेंटशिवाय. म्हणजे टप्पा १ मधली दोन बिनब रूपं इथे एकाच ओळीत पडतात, ब-वालं मात्र वेगळं राहतं. ब-वालं पहिल्या वीस आडनावांत बसतं, बिनब पहिल्या पन्नासांत. दोन्ही मिळवली तर लोहार कितीतरी वर सरकतो. फाब्र, फोर, फाव्र धरली तर आणखी वर. म्हणून प्रत्येक आकड्यासमोर लिहा: एका स्पेलिंगचा की बेरजेचा, आणि बेरजेत कोणती रूपं. मार्तें हे फ्रान्समधलं सर्वांत जास्त आढळणारं आडनाव, पण त्याला स्पेलिंगच्या इतक्या वाटा फुटलेल्या नाहीत. लफेव्रची त्याच्याशी थेट तुलना करताना हे ध्यानात ठेवा.

नकाशा काढताना संख्या वापरू नका, प्रमाण वापरा. कल्पित उदाहरण घेऊ. एका देपार्तमाँत २,००,००० जन्मांपैकी ४०० लफेव्र, दुसऱ्यात ३०,००० पैकी १५०. संख्येने पहिला पुढे. पण हजारी प्रमाण पहिल्यात २ आणि दुसऱ्यात ५. नावाचं घर दुसरीकडे आहे. नॉरसारख्या दाट वस्तीच्या भागात सगळ्याच आडनावांच्या संख्या फुगतात, म्हणून ही भागाकाराची पायरी चुकवायची नाही.

नकाशासाठी जुनी दशकं घ्या, ती अपुरी असली तरी. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाळंतपणं शहरातल्या इस्पितळांत होऊ लागली आणि जन्माचं ठिकाण म्हणून घराऐवजी इस्पितळ असलेल्या गावाची नोंद होऊ लागली. शिवाय १९६८ मध्ये पॅरिसभोवतीचे जुने देपार्तमाँ मोडून नवे झाले. १९५० चा आणि १९८० चा पॅरिस परिसर एकाच रंगात रंगवू नका.

बेल्जियम आणि स्वित्झर्लंडच्या सांख्यिकी संस्थाही आडनावांचे आकडे देतात, पण ते तिथे राहणाऱ्या लोकांचे असतात. फ्रान्सच्या जन्मसंख्येत ते मिसळलेत तर उत्तर कशाचंच राहत नाही. वेगळा रकाना करा. मॉरिशसमधल्या मराठी वाचकांसाठी: तुमच्या शेजारच्या लफेव्रांची गिनती या फ्रेंच यादीत नाही, तिथल्या नोंदी तिथेच पाहाव्या लागतील.

*इथे थांबून पाहा:* दशकवार आकड्यांत अचानक घट किंवा उडी दिसते का? १९१४ ते १९१८ ची घट सगळ्याच आडनावांत दिसेल. तुमच्याच नावात वेगळी उडी असेल तर आधी स्पेलिंग तपासा, मग कारण शोधा. १ जानेवारी २००५ पासून मुलांना आईचं, वडिलांचं किंवा दोन्ही आडनावं देता येतात. यापुढच्या काळाचे आकडे हाती आले तर जोडनावं कशी मोजली आहेत, हे आधी पाहा.

टप्पा ६: टीप लिहिणं

टीप छोटी असू द्या, पण प्रत्येक विधानाला आपली हद्द असू द्या. नमुना देतो, गाळलेल्या जागी तुमचे आकडे भरा:

'लफेव्र, ब-वालं स्पेलिंग. जुन्या फ्रेंचमधल्या फेव्र, म्हणजे लोहार, या शब्दापासून. मूळ लॅटिन फाबेर. बी उच्चारत नाहीत, तो लेखनिकांनी नंतर घातलेला आहे. अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे पडलेलं नाव. नॉर आणि पिकार्दीत प्रमाण जास्त. १८९१ ते २००० मध्ये फ्रान्समध्ये या स्पेलिंगने नोंदलेले जन्म: ……. बिनब रूप वेगळं मोजलं आहे: ……. यादी पाहिल्याची तारीख: …….'

आकड्याच्या जागी 'सुमारे' लिहून शून्यं वाढवू नका, यादीत आहे तोच आकडा ठेवा. एखादं रूप तपासायचं राहिलं असेल तर ते टिपेत आणू नका. वहीत त्याच्यासमोर खूण करून ठेवा आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करा.